पिंजऱ्यात बजी भांडत असतील तर आधी मडकं काढा

सकाळी पिंजऱ्यावरचं कापड काढलं तेव्हा पिवळी काठीवर नव्हती. खाली ट्रेमधल्या कागदावर, कोपऱ्यात, अंग फुगवून बसली होती. डावा पाय पोटाशी घेतलेला, पुढच्या एका बोटाचं नख मुळापासून गेलेलं. वर मडक्याच्या काठावर रक्ताचे तीन सुकलेले ठिपके होते आणि मडक्याच्या तोंडातून हिरवी बाहेर बघत होती.

दुकानातून ‘जोडी’ म्हणून आणलेले हे दोन बजी (बजरीगर, छोट्या पोपटांची एक जात) आठ महिने एकाच काठीवर एकमेकींना चिकटून झोपले होते. मडकं टांगून तो नववा दिवस होता. दोन्ही माद्या आहेत हे मला त्या दिवशी डॉक्टरांकडून कळलं.

पिवळी वाचली. त्यानंतर ठाण्यातल्या आमच्या गॅलरीत अकरा वर्षं बजी आहेत आणि ओळखीतल्या लोकांचे फोन येत असतात: ‘आमचे लव्हबर्ड एकमेकांना मारतायत.’ बहुतेक वेळा ते लव्हबर्ड नसतात, बजी असतात. आणि बहुतेक वेळा पिंजऱ्यात मडकं टांगलेलं असतं. म्हणून मडक्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे. पण या क्षणी तुमच्या पिंजऱ्यात मारामारी चालू असेल, तर त्यापासून सुरुवात करू.

आत्ता, या मिनिटाला

उघडा हात मध्ये घालू नका. भिडलेली मादी जे समोर येईल ते चावते, आणि दचकून तुम्ही हात ओढलात तर पक्षी गजांवर आपटतो. जाड पुठ्ठ्याचा तुकडा दारातून आत सरकवून दोघांच्या मध्ये धरा. ओरडू नका, पिंजरा हलवू नका, पाणी मारू नका. घाबरलेला पक्षी शांत होत नाही, जवळ जो असेल त्याला आणखी चावतो. मग खोलीतला दिवा बंद करा. अंधारात बजी जागच्या जागी थांबतात. नॅपकिन हातावर घेऊन मारणाऱ्याला बाहेर काढा आणि दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवा. मार खाल्लेला जिथे आहे तिथेच राहू दे, त्याला आधीच पुरेसा त्रास झालेला आहे.

दुसरा पिंजरा नसेल तर भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका एका रात्रीपुरता चालतो. पण ज्याच्या घरी दोन बजी आहेत त्याच्याकडे एक छोटा जादा पिंजरा असायलाच हवा. मी तो माळ्यावर नाही, हाताशी ठेवते.

रक्त दिसलं तर एक हिशोब लक्षात ठेवा. बजीचं वजन ३० ते ४० ग्रॅम, आणि त्याच्या अंगात जेमतेम तीन-चार मिलिलिटर रक्त असतं. आपल्याला चार थेंब वाटतात, त्याच्यासाठी ते खूप असतात. नख तुटून रक्त येत असेल तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर त्यावर दाबून दोन-तीन मिनिटं धरा. कातडीवर जखम असेल तर पीठ भरू नका. स्वच्छ गॉझ हलक्या हाताने दाबा. पक्षी धरताना डोकं दोन बोटांच्या मध्ये येऊ द्या आणि छातीवर अजिबात दाब देऊ नका. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला पडदा) नसतं, छाती हलली तरच श्वास चालतो. घट्ट धरलेला बजी हातातच जाऊ शकतो.

हळद, खोबरेल, घरातलं मलम यांतलं काहीही लावू नका. तो चोचीने पिसं साफ करतो, म्हणजे जे लावाल ते त्याच्या पोटात जाणार. तेलकट मलमाने पिसं चिकटली की अंगातली ऊबही जाते. जखमी पक्ष्याला ऊब सगळ्यात आधी लागते. पिंजऱ्याच्या बाहेर एका बाजूला ४० वॉटचा जुन्या पद्धतीचा, तापणारा पिवळा बल्ब लावा, आत २८ ते ३० अंश पुरे. दुसरी बाजू गार राहू दे, म्हणजे नको वाटलं तर त्याला सरकता येईल.

पाच मिनिटांत रक्त थांबलं नाही, चोच, नाक किंवा डोळ्याजवळ लागलं, किंवा पक्षी खालीच बसून राहिला आणि दाण्याला तोंड लावत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर. उद्या नाही. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं जुनं हॉस्पिटल आहे. परळ, नागपूर आणि शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात पक्षी बघतातच असं नाही, म्हणून आधी फोन करून विचारा. हा नंबर गरज पडण्याआधीच मिळवून ठेवा.

प्रत्येक चोच लागणं म्हणजे भांडण नाही

चोचीवर चोच टकटक करणं, मान वरखाली हलवणं, एकमेकांच्या डोक्याची पिसं खाजवणं, पोटातले दाणे वर आणून भरवणं हे सगळं प्रेमाचं आहे. वाटीपाशी एकाने ‘चक्-चक्’ करून दुसऱ्याला हटवलं आणि दुसरा दोन इंच सरकून पुन्हा आला, हेही चालतं. एका घरात राहणाऱ्या भावंडांइतकीच ती कुरबुर.

काळजीचं काय? पायाची बोटं धरून ओढणं. दोघं गुंतून काठीवरून खाली पडणं. एक सतत पाठलाग करतोय आणि दुसऱ्याला कुठेच टेकू देत नाही. नाकावर किंवा डोक्यावर खपली, डोक्यामागची पिसं उपटलेली. आणि एक खूण अशी की जिचा आवाज होत नाही: मार खाणारा वाटीपाशी यायचाच बंद होतो. लांबून बघितलं तर पिंजऱ्यात शांतता असते, पण तो उपाशी असतो. म्हणून दोघांचंही वजन आठवड्यातून एकदा करा. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, त्यावर छोटा डबा ठेवून काटा शून्यावर आणा आणि पक्षी डब्यात बसवा. ३५ ग्रॅमचा पक्षी ३१ वर आला असेल तर ते डोळ्यांना दिसत नाही, काट्यावर दिसतं.

कालपर्यंत गुण्यागोविंदाने राहणारा पक्षी एकदम चिडका झाला, किंवा सगळे मिळून एकालाच टोचू लागले, तर आजारपणाचा संशय आधी घ्या. अंग फुगवून बसणं, श्वासाबरोबर शेपटी वरखाली होणं, विष्ठा बदलणं या खुणा बघा. तो आजारी असेल तर पिंजऱ्यात कितीही बदल केले तरी उपयोग नाही.

मडकं

आपल्याकडे पिंजऱ्याबरोबर मडकं दिलंच जातं. घेणाऱ्याला वाटतं ते पक्ष्याचं अंथरूण, रात्री आत जाऊन झोपेल. बजी मडक्यात झोपत नाही. तो काठीवर झोपतो. त्याच्या दृष्टीने अंधारी, खोल, एका तोंडाची जागा म्हणजे अंडी घालायची जागा, आणि दुसरा काही उपयोग त्याला माहीत नाही.

हे पक्षी मूळचे ऑस्ट्रेलियातले, तिथल्या कोरड्या आतल्या भागातले. इंग्रज पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्डने १८४० मध्ये ते जिवंत इंग्लंडला नेले आणि तिथून ते जगभरच्या पिंजऱ्यांत गेले. मूळ मुलखात पाऊस कधी पडेल याचा नेम नसतो. तो पडला, गवताला दाणे धरले की झाडांच्या ढोल्यांत घाईघाईने घरटी होतात. ढोल्या मोजक्या, म्हणून ढोलीसाठी माद्या जिवावर उदार होऊन भांडतात. त्या हरलेल्या मादीला उडून दुसरं झाड शोधता येतं. आपल्या पिंजऱ्यातलीला कुठे जाता येत नाही.

आता आपल्या घरातलं बघा. वाटी कायम भरलेली, रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट, आणि वर मडकं. त्यांच्या शरीराला वाटतं पावसाळा आलाय, आणि तो संपतच नाही.

तेव्हा मडकं काढा. लाकडी पेटी, झोपडी, नारळाची करवंटी, कापडाचा झुला, जे जे आत शिरून बसता येतं ते सगळं काढा. ट्रेमधल्या कागदाखाली मादी घुसत असेल तर कागदावर जाळी बसवा. आरसाही काढा, काही पक्षी आरशातल्यालाच जोडीदार मानून त्याची राखण करत बसतात. ‘मग तो झोपणार कुठे?’ हे मला दर वेळी विचारलं जातं. काठीवर. एक पाय पोटात घेऊन, मान पाठीत खुपसून. रात्री टॉर्च न मारता हळूच बघा, किती निवांत असतो.

पण मडक्यात आधी हात घालून बघा. अंडी असतील तर मडकं झटकन काढू नका. बजी एक दिवसाआड एक अशी साधारण चार ते सहा अंडी घालते. अंडी उचलून टाकलीत तर मादी पुन्हा घालू लागते आणि अंगातलं कॅल्शियम संपतं. पिल्लं नको असतील तर अंडं घातल्या दिवशीच काढा, उकळा, पूर्ण गार करा, पेन्सिलने खूण करून परत ठेवा. साधारण तीन आठवड्यांत ती कंटाळून उठते, मग मडकं काढा. या काळात कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा (कटलबोनचा) तुकडा पिंजऱ्यात राहू द्या आणि त्या जोडीशिवाय इतर सगळे पक्षी दुसरीकडे हलवा.

पिल्लं असतील तर तीच गोष्ट: आईबाप तिथेच, बाकीचे बाहेर. अंडी १८ दिवसांत फुटतात आणि पिल्लं साधारण ३० ते ३५ दिवसांची झाली की मडक्याबाहेर येतात. नेमकं तेव्हा पुष्कळ माद्या दुसऱ्या खेपेच्या तयारीत असतात आणि स्वतःच्याच पिल्लांना मारतात, त्यांच्या पाठीची पिसं उपटतात. हे बघून माणूस हादरतो, ‘कसली आई ही’ म्हणतो. तिचा दोष नाही, मडकं अजून टांगलेलं आहे. अशा वेळी पिल्लं बापासकट दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवा. तो त्यांना भरवून मोठं करतो.

उजेड आणि वाटी

मडक्याबरोबर पावसाळ्याच्या बाकीच्या खुणाही कमी करायच्या. संध्याकाळी साडेसात-आठला पिंजरा झाका, सकाळी साडेसहा-सातला उघडा. कापड सुती आणि पातळ हवं, जुन्या साडीचा तुकडा उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत जाड चादर टाकून पक्षी गुदमरवू नका, आणि एक बाजू नेहमी उघडी ठेवा. हॉलमध्ये टीव्ही चालतो तिथून रात्रीपुरता पिंजरा आतल्या खोलीत न्या.

उकडलेलं अंडं, मोड आलेले दाणे, भिजवलेली बाजरी महिनाभर बंद. राळं, बाजरी असे कोरडे दाणे आणि थोडी कोथिंबीर किंवा मेथी पुरे. एका पक्ष्याला दिवसाला चहाचे दीड ते दोन चमचे दाणे लागतात. भांडण थांबवायचं म्हणून उपाशी मात्र ठेवायचं नाही.

वाट्या पक्ष्यांपेक्षा एक जास्त: दोन पक्ष्यांना तीन. त्या शेजारी शेजारी लावल्यात तर एकच पक्षी तिन्हींची राखण करतो. समोरासमोरच्या टोकांना लावा. आणि वाटीवर रोज फुंकर मारा. बजी दाणा सोलून टरफल वाटीतच टाकतो, वरून वाटी भरलेली दिसते. माझ्या शेजारच्या काकूंकडचं भांडण एका फुंकरीने मिटलं: तीनपैकी दोन वाट्यांत गेले दोन दिवस नुसती फोलपटं होती.

तुमची जोडी खरंच जोडी आहे का

चोचीच्या वर जिथे नाकपुड्या असतात तो भाग बघा. मोठ्या नराचं नाक गडद, एकसारखं निळं. मादीचं फिकं किंवा तपकिरी, आणि ती अंड्यावर येते तेव्हा चॉकलेटी, खरखरीत. फसगत होते ती कोवळ्या माद्यांत. त्यांचं नाक फिकट निळसर असतं आणि नाकपुड्यांभोवती पांढरी कडी असते. दुकानात तिला सर्रास नर म्हणून देतात. माझी हिरवी तशीच आलेली. निळ्यात पांढरी कडी दिसली की मादी समजा. पूर्ण पिवळ्या किंवा पूर्ण पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या नरांचं नाक मात्र जन्मभर गुलाबी-जांभळंच राहतं, तिथे रंगाचा हा नियम चालत नाही.

दोन नर सगळ्यात शांत राहतात. नर-मादी मडक्याशिवाय छान राहतात. दोन माद्या छोट्या पिंजऱ्यात ठेवणं मी कुणालाच सुचवत नाही. तीन पक्षी असले की दोघांचं जमतं आणि तिसरा मार खातो. जास्त पक्षी असतील तर माद्या नरांपेक्षा कधीही जास्त नकोत. आणि खरे लव्हबर्ड बजींबरोबर अजिबात नकोत. त्यांची चोच कितीतरी ताकदीची, एका चाव्यात बजीचं बोट जातं.

पिंजरा

दोन बजींना लांबी किमान अडीच फूट, खोली आणि उंची दीड-दीड फूट. उंच, अरुंद, घुमटासारखे पिंजरे दिसायला सुंदर असतात, पण बजी हेलिकॉप्टरसारखा वर जात नाही, आडवा उडतो. गजांमधलं अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको.

काठ्या समान उंचीवर लावा. सगळ्यात वरची काठी एकच असेल तर रोज संध्याकाळी तिच्यासाठी भांडण ठरलेलं. प्लास्टिकच्या गुळगुळीत काठ्यांऐवजी पेरू किंवा कडुलिंबाच्या फांद्या, कमी-जास्त जाडीच्या, धुऊन वाळवून लावा. साल सोलण्यात त्यांचा तासन् तास जातो आणि चोचीला काम मिळतं. फवारणी झालेल्या झाडाची फांदी घेऊ नका. एक पानांची डहाळी मध्यभागी आडवी बांधा, म्हणजे दोघांना एकमेकांच्या नजरेआड जाता येईल. मार खाणाऱ्याला पळायला जागा हवी, आणि मारणाऱ्याच्या डोळ्यासमोरून नाहीसं व्हायलाही.

पुन्हा एकत्र आणताना

घाई करू नका. किमान दोन आठवडे वेगळं ठेवा. रक्त निघालं असेल तर चार. पिंजरे एकमेकांना दिसतील असे, पण मध्ये वीतभर अंतर हवं. चिकटून ठेवलेत तर गजांतून बोटं चावली जातात. या दिवसांत मादीचं नाक बघत राहा. खरखरीत चॉकलेटी थर झडून खालचा फिका रंग दिसू लागला की तिचा जोर ओसरला असं समजा. तोवर एकत्र आणण्याचा विचारही नको.

मग पहिली भेट पिंजऱ्याबाहेर, दोघांपैकी कुणाचीच नसलेल्या खोलीत. पंखा बंद, आणि घरातल्या सगळ्यांना सांगून बंद. बटणावर चिकटपट्टी लावा. खिडक्या लावून पडदे ओढा, आरसा झाका, स्वयंपाकघराचं दार बंद करा. टेबलावर दोन टोकांना दाणे पसरा आणि अर्धा तास बसून बघा. चार-पाच दिवस असं सुरळीत गेलं की पिंजरा पूर्ण धुवा, काठ्या-वाट्यांच्या जागा बदला, जमल्यास पिंजऱ्याची जागाही बदला. तो दोघांनाही अनोळखी वाटायला हवा. मार खाल्लेल्याला आधी आत सोडा, अर्ध्या तासाने दुसऱ्याला. हे सगळं सुट्टीच्या दिवशी सकाळी करा, म्हणजे दिवसभर नजर राहील. पहिल्या दोन-तीन रात्री पुन्हा वेगळं झोपवा.

पाठलाग पुन्हा सुरू झाला तर परत वेगळं करा आणि महिन्याने एकदा प्रयत्न करून बघा. दुसऱ्यांदा रक्त निघालं तर मी तिसरी संधी देत नाही.

पंख कापून किंवा चोच घासून मारणारीला ‘नरम’ करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पंख कापलेल्या पक्ष्याला पळता येत नाही, आणि दुखावलेल्या चोचीने खाता येत नाही. तिसरा पक्षी आणून समतोल साधेल हीही आशा धरू नका. नवा पक्षी आणायचाच असेल तर तो आधी ३० दिवस वेगळ्या खोलीत राहायला हवा. त्याच्याबरोबर येणारे काही आजार माणसालाही होतात.

आणि नकोसा झालेला पक्षी पुण्य म्हणून आकाशात सोडू नका. पिंजऱ्यात जन्मलेल्या बजीला दाणे कुठे शोधायचे हे माहीत नसतं. कावळे त्याला अर्ध्या तासात घेरतात. सोसायटीच्या टाकीवर असा एक निळा नर मी पाहिला आहे, मला वर पोहोचायला उशीर झाला.

पिवळी आणि हिरवी नंतर कधीच एका पिंजऱ्यात राहिल्या नाहीत. दोन पिंजरे, मध्ये वीतभर अंतर. सकाळी एक ओरडली की दुसरी उत्तर द्यायची, दुपारी दोघी आपापल्या पिंजऱ्यात समोरासमोरच्या काठीवर येऊन बसायच्या. मडकं मी फोडलं नाही, त्यात आता कोथिंबीर लावते. तीच कापून दोन्ही पिंजऱ्यांत जाते.